मशेरी आली कुठून?



“मशेरी आजी-पणजीपासूनची आहे,” असं आपण म्हणतो. पण तिच्याआधी काय होतं?

तंबाखूचं रोप मुळात अमेरिका खंडातलं. भारतात ते आणलं पोर्तुगीजांनी. हेच पोर्तुगीज १५२१ पासून १७४० पर्यंत आपल्या चौल-रेवदंड्याला ठाण मांडून होते. त्यांच्या कितीतरी आधीच्या चरकसंहितेत दात घासायला करंजाची काडी सांगितली आहे. तंबाखूचा तिथे पत्ताच नाही. म्हणजे दात घासायची रीत आपली जुनी, मशेरी मात्र मागून आलेली.

पुढे तंबाखू घातलेली मंजनं बाजारात आली. केंद्र सरकारने १९९२ साली त्यांवर बंदी घातली आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. दुकानातलं मंजन कायद्याने थांबवलं, पण घरच्या तव्यावर भाजलेली मशेरी कोण थांबवणार?

ती मुलांपर्यंत आपल्याच हातून जाते. लेकराची दाढ दुखली की आपण चिमूटभर लावतो. हिरडी बधिर होते, दुखणं थांबल्यासारखं वाटतं. कीड मात्र आत पोखरत राहते. मुलाला तलफ लागते आणि पुढे तोंडाच्या कॅन्सरची भीती असते ती वेगळीच.

मुलाचा पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो. तेव्हापासून ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट: तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, मग वाटाण्याएवढी. अडीच-तीन वर्षांत वीस दुधाचे दात पुरे होतात. सहाव्या वर्षी त्यांच्या मागे एक मोठी दाढ येते. काही न पडता ती येते, म्हणून आपण तिला दुधाचीच समजतो आणि “पडेल आपोआप” म्हणून कीड तशीच सोडतो. ती दाढ जन्मभराची असते. गेली की पुन्हा येत नाही.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलं तपासायला येतं. दातही बघतात, पुढचे उपचार मोफत असतात. तो दिवस अंगणवाडीताईंना विचारून ठेवा. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

आणि गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं तरी ठरवा: आपली मशेरी सुटेल तेव्हा सुटेल, पण लेकराच्या हिरडीला आजपासून बोट लावायचं नाही.