पावणेपांच तासांचीं वीस मिनिटें

गेल्या वर्षीं येथेंच, छत्रपति संभाजीनगरांत, माझ्या पत्नीच्या मेंदूचें एम्. आर्. आय्. चित्र काढावें लागलें. ती त्या बोगद्यांत निश्चल पडली होती आणि बाहेर मी घड्याळ पाहत होतों. वीस मिनिटांनीं ती बाहेर आली व म्हणाली, "अहो, आणखी थोडा वेळ लागता, तर मीं हातांतला फुगा दाबलाच असता." त्या वीस मिनिटांचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

दि. 3 जुलै 1977 रोजीं न्यूयॉर्क येथें डॉ. रेमंड डमेडियन ह्यांनीं आपल्या एका सहकाऱ्याच्या छातीचें चित्र घेतलें. त्यास पावणेपांच तास लागले! प्रबळ चुंबकक्षेत्रांत शरीरांतील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांस रेडिओ-लहरींनीं उद्दीपित केलें, कीं तीं उलट सूर देतात. डमेडियन ह्यांनीं तो एकेका बिंदूपासून टिपला. पुढें ओळीओळीनें वाचन होऊं लागलें. तरी एका उद्दीपनांत एकच ओळ, आणि मग अणुकेंद्रें पूर्ववत् होईपर्यंत थांबणें आलेंच. मास्तर प्रत्येक नांवानंतर स्वस्थ बसला, तर हजेरींतच तास संपावयाचा!

1977 सालींच नॉटिंगहॅमच्या पीटर मॅन्सफिल्ड ह्यांनीं एकाच उद्दीपनांत सर्व ओळी वाचण्याची युक्ति सुचविली. तिला साजेशीं यंत्रें होण्यास बरीच वर्षें गेलीं. परंतु पक्षाघातांत मेंदूचा कोणता भाग रक्तावांचून तडफडत आहे, हें आज कांहीं मिनिटांत कळतें, तें तिच्यामुळें. 1986 सालीं जर्मनींतील युर्गेन हेनिग ह्यांनीं एका उद्दीपनामागें अनेक प्रतिध्वनि घेऊन प्रत्येकांत एक ओळ वाचली. 1999 सालीं झुरिचच्या क्लास प्रुसमन व सहकाऱ्यांनीं मधल्या ओळी गाळल्या आणि निरनिराळ्या जागीं बसविलेल्या ग्राहक-वेटोळ्यांच्या साहाय्यानें त्या गणितानें भरून काढल्या. 2007 सालीं मायकेल लस्टिग ह्यांनीं, सराईत वाचक जीर्ण पत्रांतील गळालेलीं अक्षरें ओळखतो तसें, थोडक्या नोंदींवरून चित्र उभें केलें.

ह्या त्वरेनें लहान मुलांस गुंगीचें औषध देण्याचे प्रसंग कमी होतात, आणि पहांटेच्या एस्. टी.नें खेड्यांतून आलेल्या रुग्णाची पाळी लवकर येते. परंतु ओळी गाळल्या कीं चित्रांत खरखर वाढते. आणि तर्कानें भरलेलें अक्षर चुकूंहि शकतें. संगणकानें गुळगुळीत केलेल्या चित्रांतून एखादी बारीक गांठ पुसली गेली, तर वांचलेलीं दहा मिनिटें फार महाग पडतील. म्हणून घाई किती करावी, हें रोग पाहून वैद्यानेंच ठरवावें.

आपल्या हातीं एवढेंच आहे: त्या बोगद्यांत जाण्याची वेळ आली, तर हलूं नये. एका हालचालीनें चित्र बिघडतें, आणि सगळ्या ओळी पुन्हां वाचाव्या लागतात.