‘केळफा’ : एका उलटलेल्या आडनावाविषयी

त्र्यंबकेश्वर येथे ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके जादूचे प्रयोग करीत, तेव्हा ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव धारण करीत. आडनाव उलटून हे नाव केले, एवढेच सामान्यतः सांगितले जाते. उलटले ते नेमके काय, हा प्रश्न मात्र भाषाभ्यासकास टाळता येत नाही.

ध्वनी उलटले असते, तर ‘एक्ळाफ्’ असे विचित्र रूप हाती आले असते. बोलण्यात हे आडनाव ‘फाळ्‌-के’ असे दोन अवयवांचे आहे. ते उलटल्यास ‘केफाळ्’ होते. ‘केळफा’ सिद्ध होते ते फा, ळ, के ही तीन लिखित अक्षरे शेवटाकडून मांडल्यानेच. उच्चारात लोपलेला ‘ळ’मधील अकार येथे हिशेबात परत आला आहे. म्हणजे हा खेळ कानाने नव्हे, डोळ्याने खेळलेला आहे. आणि खेळणारा चित्रकलेचा विद्यार्थी, छायाचित्रकार व छपाईचा व्यावसायिक होता, हे येथे विसरता कामा नये.

पुढे त्यांनी हाती घेतलेले यंत्रही सुट्या घटकांवरच चालणारे होते. लंडनहून १९१२ मध्ये मिळविलेला विल्यमसन कॅमेरा हाताने फिरवावा लागे. फिरविणे थांबवून वस्तू बदलली, की पडद्यावर चमत्कार घडे. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) पूर्वी त्यांनी याच यंत्राने, ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपून, कुंडीतील वाटाण्याचा वेल वाढताना दाखविला होता.