टिटकम, मेरी लेमिस्ट
(१८५२–१९३२). अमेरिकेतील फिरत्या ग्रंथालयाच्या आद्य प्रवर्तक. मेरीलँड राज्यात हेगर्सटाउन येथील मोफत ग्रंथालयाच्या प्रमुख असताना त्यांनी आधी गावोगावच्या दुकानांत व टपाल कचेऱ्यांत पुस्तकांच्या पेट्या ठेवल्या. तरीही आडबाजूच्या शेतांवरील कुटुंबे वंचितच राहिली. म्हणून १९०५ मध्ये घोड्यांची पुस्तकगाडी निघाली. काळ्या रंगामुळे ती प्रेतवाहिका वाटून एका शेतकऱ्याने तिला दारातूनच पिटाळले. मग चाके व दारे लाल रंगवली गेली. गाडी हाकणारे जोशुआ टॉमस हे ग्रंथालयाचे झाडलोट-देखभाल करणारे सेवक. दारोदार पुस्तके पोहोचवली ती त्यांनी. या इतिहासात टिटकम यांच्याइतकाच त्यांचाही मान आहे. १९१० मध्ये रेल्वेच्या धडकेत गाडी मोडली. १९१२ मध्ये तिच्या जागी मोटार आली.