गाणे कुणाच्या ओठांवर?

आकुर्डी-निगडीच्या महाविद्यालयांतील एखादा चमू स्वतःच्या इंडी-पॉप गाण्याचा व्हिडिओ बेतू लागला, की चर्चा कॅमेरा आणि लोकेशन यांपासून सुरू होते. खरा निर्णय मात्र निराळाच असतो. हे गाणे गाताना पडद्यावर कोण दिसणार? कारण ज्याचे ओठ हलतात त्याचेच गाणे, असे प्रेक्षक धरून चालतो. याचा मराठीतील सर्वांत बोलका धडा निगडीपासून काही किलोमीटरवर असलेल्या देहूच्या कथेत सापडतो.

'प्रभात फिल्म कंपनी' १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यास आली आणि १९३६ मध्ये तिचा 'संत तुकाराम' प्रदर्शित झाला. दिग्दर्शक दोघे: ध्वनिमुद्रणाचे जाणकार विष्णुपंत दामले आणि कलादिग्दर्शनाचे जाणकार शेख फत्तेलाल. कान आणि डोळा अशीच ही जोडी. संगीत केशवराव भोळे यांचे. आरंभीच तुकाराम, म्हणजे विष्णुपंत पागनीस, डोळे मिटून भजनात रंगलेले दिसतात आणि कॅमेऱ्यालाही कसली घाई नसते. पाठोपाठ तेच शब्द सालोमालोच्या तोंडी येतात, ठसक्यात, हावभावांसह, रचना आपलीच असल्याच्या थाटात. शब्द बदललेले नाहीत. बदलली आहे ती बैठक, नजर आणि गळ्याची रीत. संवादांनी काही सांगण्याआधीच चित्रणाने चोरी उघड केलेली असते. शूटिंगचा आराखडा आखणाऱ्याने ही दोन दृश्ये लागोपाठ पाहावीत. पुष्कळ व्याख्याने वाचतील.

गंमत अशी, की या चित्रपटाच्या बाबतीत पुढे उलटाच प्रकार घडला. बीज आणि वृक्ष यांच्या रूपकाचे त्यातील गाजलेले पद शांताराम आठवले यांनी लिहिलेले. पागनिसांच्या मुखी ते इतके शोभले, की असंख्य श्रोत्यांनी ते तुकोबांचाच अभंग मानले. आजही अनेकजण मानतात. सालोमालो तुकोबांची रचना आपली म्हणून मिरवत होता, येथे आठवल्यांची रचना तुकोबांच्या नावावर जमा झाली. यात कुणाची लबाडी नव्हती. चेहऱ्याने गाणे आपल्याकडे ओढून घेतले, एवढेच. दाद म्हणून हे मोठेच, पण कवीचे नाव मागे पडले.

पार्श्वगायन रूढ झाल्यावर हा पेच गायकांपर्यंत पोहोचला. १९४९ च्या 'महल'मधील लता मंगेशकर यांच्या गाजलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून नाव छापले गेले ते 'कामिनी'. हे मधुबालाने रंगवलेल्या पात्राचे नाव होते!

इंडी-पॉपचे खरे वेगळेपण येथे ध्यानात येते. १९९५ च्या 'मेड इन इंडिया'त ना चित्रपट होता ना पात्र. संगीत बिद्दू यांचे, व्हिडिओचे दिग्दर्शन केन घोष यांचे, सोबतीला मिलिंद सोमण. आणि गाणारी अलिशा चिनॉय स्वतःच पडद्यावर. आवाज आणि चेहरा एकाच व्यक्तीचे झाले. योगायोग असा, की प्रतिमुद्राधिकार कायद्यात १९९४ मध्ये झालेली, सादरकर्त्या कलावंतांचे हक्क मान्य करणारी दुरुस्तीही १९९५ मध्येच अमलात आली. गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला भक्कम आधार मिळण्यास मात्र २०१२ ची दुरुस्ती यावी लागली.

औद्योगिक पट्ट्यातील आजच्या चमूला लोकेशनची वाण नाही. तुकोबा ज्या भंडारा डोंगरावर एकांतास जात असे परंपरा सांगते, त्याच्या परिसरातूनच तळेगाव-चाकण रस्ता जातो आणि त्यावर कारखान्यांचे ट्रक धावत असतात. अशी चौकट कुणालाही मोहात पाडेल. सेटवरची रीतही जुनीच आहे: आधी ध्वनिमुद्रण, मग स्पीकरवर गाणे लावून त्याबरहुकूम ओठ हलवणे. 'प्रभात'च्या ज्या आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, तेथील विद्यार्थीही प्लेबॅकवर गाणे चित्रित करण्याचा सराव करीत आले आहेत.

गाणे लिहिणारी एक, गाणारा दुसरा आणि पडद्यावर झळकणारा तिसराच असेल, तर शूटिंगच्या आदल्या दिवशीच कोऱ्या कागदावर नामावली लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. त्यात गीतकाराचे नाव पहिल्या ओळीत असावे.