सामना खेळायला गेले, ते परत आलेच नाहीत : क्युबाचे बेसबॉलपटू देश का सोडतात?

पांढुर्णा : २०२१ च्या सप्टेंबर अखेरीस मेक्सिकोतल्या स्युदाद ओब्रेगोन या शहरात २३ वर्षांखालील मुलांची बेसबॉल विश्वचषक स्पर्धा झाली. क्युबाने २४ खेळाडूंचा संघ पाठवला होता. स्पर्धा संपून विमान हवानाला परतलं तेव्हा त्यातले १२ जण विमानात नव्हते. कोणाचं अपहरण झालं नव्हतं, कोणी आजारीही नव्हतं. पोरं हॉटेलातून निघून गेली होती, एवढंच. निम्मा संघ!

आपल्याकडे बेसबॉल म्हटलं की शालेय स्पर्धांच्या यादीत सॉफ्टबॉलच्या शेजारी लिहिलेला एक खेळ, यापलीकडे फारशी ओळख नाही. पण संघ सोडून जाणाऱ्या या खेळाडूंची गोष्ट सीमेवर राहणाऱ्या माणसाला पटकन कळेल अशी आहे. पांढुर्णा आणि सौंसरच्या लोकांना रेषेच्या अलीकडचं-पलीकडचं काय असतं हे सांगावं लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्याने आखली गेली. नागपूर तिकडे गेलं, आपण इकडे राहिलो. आपल्याला मात्र ती रेषा ओलांडायला बसचं तिकीट पुरतं. क्युबाच्या खेळाडूला त्यासाठी काय काय मोजावं लागलं, ते जरा सविस्तर पाहू.

खेळ सरकारचा, खेळाडूही सरकारचा

क्युबात बेसबॉल एकोणिसाव्या शतकात, १८६० च्या दशकात आला आणि आपल्याकडे क्रिकेटचं जे झालं तेच तिथे त्याचं झालं. क्रांतीपूर्वी क्युबाचे खेळाडू अमेरिकेत जाऊन पैसे घेऊन खेळत आणि हिवाळ्यात घरी येत. हवानाचा शुगर किंग्ज हा संघ तर १९६० पर्यंत अमेरिकेच्या दुय्यम लीगमध्ये होता. १९५९ मध्ये फिडेल कॅस्ट्रो सत्तेवर आले. पुढच्या दोन-तीन वर्षांत व्यावसायिक खेळावर बंदी आली आणि १९६२ पासून सरकारी राष्ट्रीय मालिका सुरू झाली. त्याच वर्षी अमेरिकेने व्यापारबंदी लादली. म्हणजे दार दोन्ही बाजूंनी बंद. हे लक्षात ठेवा, कारण बरेच लोक दोष एकट्या हवानावर टाकून मोकळे होतात.

या व्यवस्थेने खेळाडू मात्र अव्वल घडवले. ऑलिंपिकमध्ये १९९२, १९९६ आणि २००४ ला सुवर्ण, २००० आणि २००८ ला रौप्य. प्रशिक्षणही जागतिक दर्जाचं. आपल्या मुष्टियोद्ध्यांना अनेक वर्षं शिकवणारे बी. आय. फर्नांडिस हे क्युबाचेच. त्यांना २०१२ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

पण पगार? मोठमोठ्या स्टार खेळाडूंनाही अनेक वर्षं महिन्याला वीस डॉलरच्या आसपास मिळत होते. समुद्रापलीकडे, फ्लोरिडाच्या टोकापासून अवघ्या दीडशे किलोमीटरवर, त्याच खेळाचे कोट्यवधी. आम्ही कॉमर्सवाले, आम्हाला एवढी तफावत दिसली की पुढचं गणित आपोआप कळतं. मात्र हे प्रकरण नुसत्या पैशाचं असतं तर इतकं अवघड झालं नसतं.

पहिला माणूस

१९८० मध्ये मारिएल बंदरातून हजारो लोक बोटींनी अमेरिकेला गेले, त्यात बार्बारो गार्बे हा खेळाडूही होता. तो पुढे १९८४ ला डेट्रॉइट टायगर्सकडून खेळला. पण राष्ट्रीय संघासोबत परदेशात असताना संघ सोडणारा पहिला म्हणून नाव घेतलं जातं ते पिचर रेने अरोचा याचं. जुलै १९९१ मध्ये अमेरिकेतले सामने संपवून संघ मायामी विमानतळावर आला असताना तो बाहेर पडला आणि परत फिरला नाही.

त्याला घ्यायचं कुणी, यासाठी क्लबांमध्ये विशेष लॉटरी काढली गेली आणि तो सेंट लुईस कार्डिनल्सच्या वाट्याला आला. इथेच पुढच्या सगळ्या उलाढालीचं मूळ आहे. अमेरिकेत राहणाऱ्या नव्या खेळाडूला ‘ड्राफ्ट’मधून जावं लागतं, म्हणजे ज्या क्लबने नाव उचललं त्याच्याशीच बोलणी. तोच खेळाडू तिसऱ्या देशाचा रहिवासी झाला तर तो मोकळा, सगळे क्लब त्याच्यावर बोली लावू शकतात. आपल्या संत्र्याच्या बागेचंच घ्या ना. एकाच व्यापाऱ्याला बाग द्यायची सक्ती असली तर भाव काय मिळेल, आणि पाच व्यापारी बांधावर उभे असले तर काय मिळेल? मायामीच्या जो क्युबास नावाच्या एजंटने ही फट हेरली. मग क्युबाचे खेळाडू सरळ अमेरिकेत न जाता डोमिनिकन रिपब्लिक, कोस्टारिका, मेक्सिको, हैती असे फिरून जाऊ लागले. त्यातच अमेरिकेच्या व्यापारबंदीमुळे क्युबाच्या रहिवाशाला पगार देणंच बेकायदा होतं. दुसऱ्या देशाचे रहिवासी झाल्याचा कागद दाखवल्याशिवाय करार पुढे सरकत नसे.

सगळा खेळ मैदानावर कमी आणि कागदावर जास्त.

दोन भाऊ

लिव्हान हर्नांडेझ १९९५ मध्ये मेक्सिकोतल्या मोंतेरे इथे संघाच्या मुक्कामातून निघून गेला. फ्लोरिडा मार्लिन्सने त्याच्याशी ४५ लाख डॉलरचा करार केला आणि १९९७ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. वय २२.

त्याचा सावत्र भाऊ ओर्लांडो, टोपणनाव ‘एल दुके’, हवानातच होता. तो क्युबाच्या सर्वोत्तम पिचर्सपैकी एक, १९९२ च्या सुवर्णविजेत्या संघातला. धाकटा पळाला म्हणून थोरल्यावर संशय, आणि १९९६ मध्ये त्याच्यावर क्युबात खेळण्याची कायमची बंदी. ज्याच्यासाठी स्टेडियम भरायचं तो माणूस एका मनोरुग्णालयात काम करू लागला. २६ डिसेंबर १९९७ ला तो काही साथीदारांसह एका लहान बोटीने निघाला. बहामाच्या हद्दीतल्या एका निर्जन बेटावर ही मंडळी काही दिवस अडकून पडली, मग अमेरिकेच्या तटरक्षक दलाने त्यांना उचललं. पुढे कोस्टारिकाचा रहिवास, आणि मार्च १९९८ मध्ये न्यूयॉर्क यांकीजशी ६६ लाख डॉलरचा करार. त्याच वर्षी यांकीज वर्ल्ड सिरीज जिंकले.

विजयाच्या मिरवणुकीच्या वेळी त्याची आई आणि दोन मुली न्यूयॉर्कला पोचल्या होत्या. न्यूयॉर्कच्या कार्डिनल ओकॉनर यांनी कॅस्ट्रोंकडे विनंती केली होती, ती मान्य झाली. पण अशी परवानगी मिळणं हा अपवाद. बहुतेकांना अनेक वर्षं घर दिसलं नाही. अधिकृत दौऱ्यावरून पळालेल्याला आठ वर्षं क्युबात पाऊल टाकता येणार नाही, अशी अट होती. आठ वर्षांत म्हातारे आईबाप राहतात की जातात, हिशेब करा.

अरोल्डिस चॅपमनने २००८ मध्ये एकदा प्रयत्न केला आणि पकडला गेला. १ जुलै २००९ ला हॉलंडच्या रॉटरडॅम शहरात तो हॉटेलच्या पुढच्या दारातून सरळ चालत बाहेर पडला आणि ओळखीच्या माणसाच्या गाडीत बसला. घरी तेव्हा त्याची मुलगी नुकतीच जन्मली होती. त्याने तिला पाहिलेलंही नव्हतं. अँडोराचा रहिवास घेऊन २०१० च्या जानेवारीत त्याने सिनसिनाटी रेड्सशी ३ कोटी २ लाख ५० हजार डॉलरचा करार केला. त्या वेळच्या दराने साधारण १४० कोटी रुपये. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्याने १०५.१ मैल, म्हणजे ताशी सुमारे १६९ किलोमीटर वेगाचा चेंडू टाकला. मोजणी सुरू झाल्यापासूनचा तो सर्वात वेगवान.

दलाल आणि बोटी

चॅपमनसारखं दारातून चालत जाणं सगळ्यांच्या नशिबी नसतं. ज्याच्यावर संशय असतो त्याला परदेश दौऱ्यातूनच वगळतात. मग उरतो समुद्र, आणि समुद्र म्हटला की तस्कर.

यासिएल पुइग २०१२ मध्ये बोटीने मेक्सिकोला पोचला. ठरलेले पैसे येईपर्यंत तस्करांनी त्याला कान्कूनजवळच्या इस्ला मुहेरेस बेटावर अडकवून ठेवलं होतं. नंतर लॉस एंजेलिस डॉजर्सने त्याच्याशी ४ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. त्यातला मोठा हिस्सा त्याला पळवून आणणाऱ्यांना द्यायचं आधीच ठरलेलं होतं.

होसे अब्रेऊने तर हे मायामीच्या कोर्टात सांगितलं. २०१३ मध्ये तो हैतीहून खोट्या पासपोर्टवर विमानात बसला आणि उतरण्याआधी त्या पासपोर्टचं पहिलं पान बिअरसोबत गिळून टाकलं! शिकागो व्हाइट सॉक्सशी त्याचा करार ६ कोटी ८० लाख डॉलरचा. २०१७ च्या मार्चमध्ये झालेल्या त्या खटल्यात त्याचा एजंट बार्तोलो हर्नांडेझ आणि साथीदार हुलिओ एस्त्रादा दोषी ठरले. पानाचा किस्सा वाचून हसू येतं खरं. पण अब्रेऊने दोन वर्षांचा मुलगा मागे ठेवला होता, आणि तो त्याला २०१५ च्या डिसेंबरमध्येच भेटला, तेही अमेरिकन लीगच्या सदिच्छा दौऱ्यासोबत क्युबात गेला म्हणून.

होसे फर्नांडेझ या पिचरची हकिगत याहून जीवाला लागते. शाळकरी वयात त्याचे पळायचे प्रयत्न फसले, त्यासाठी तुरुंगही भोगला. २००८ मध्ये शेवटी निघाला तेव्हा रात्री बोटीतून कोणीतरी पाण्यात पडलं. त्याने उडी मारली. जवळ गेल्यावर कळलं, ती त्याची आई होती. आईला वाचवलेला हा पोरगा मायामी मार्लिन्सचा स्टार झाला, आणि २५ सप्टेंबर २०१६ ला मायामीजवळ बोटीच्याच अपघातात गेला. वय २४.

कायदेशीर वाट होती, दोनदा

क्युबाने २०१३ च्या जानेवारीत सामान्य नागरिकांसाठी परदेश जाण्याचा जुना परवाना रद्द केला. त्यानंतर सरकारच्याच संमतीने खेळाडू जपानमध्ये पाठवणं सुरू झालं. फ्रेडरिक सेपेदा २०१४ मध्ये योमिउरी जायंट्सकडे गेला. लिव्हान मोइनेलोसारखे खेळाडू तिथे वर्षानुवर्षं खेळत आहेत.

अमेरिकेशीही जमत आलं होतं. डिसेंबर २०१८ मध्ये मेजर लीग आणि क्युबाच्या संघटनेत करार झाला. २५ वर्षांवरील अनुभवी खेळाडूंना संघटनेने मोकळं करायचं आणि क्लबने संघटनेला ठरावीक टक्के रक्कम द्यायची. बोटी नाहीत, तस्कर नाहीत. एप्रिल २०१९ मध्ये ट्रम्प सरकारने तो रद्द केला. क्युबाची संघटना म्हणजे सरकारच, तेव्हा पैसा सरकारला जाईल, हे कारण. तर्क कागदावर बरोबर असेल, पण दार बंद झाल्यावर खिडकीतून उड्या पडणार हे सांगायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. अडीच वर्षांनी ओब्रेगोन झालंच.

आपल्याकडचं काय?

आपल्याकडे असं पळून जाण्याची वेळ कुणावर येत नाही. मुंबईचा सौरभ नेत्रावळकर २०१० च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, मुंबईकडून रणजी खेळला, आणि २०१५ मध्ये शिक्षणासाठी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेला. नोकरी सांभाळून क्रिकेट सुरू ठेवलं. ६ जून २०२४ ला डॅलसमध्ये अमेरिकेकडून पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर टाकून सामना जिंकून दिला, आणि सहा दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये रोहित शर्मा व विराट कोहली दोघांनाही बाद केलं. त्याला कोणी गद्दार म्हटलं नाही. उलट ‘आपला मराठी पोरगा’ म्हणून मेसेज फिरले.

बंधनं मात्र आहेत. भारतीय पुरुष क्रिकेटपटूला परदेशी टी-२० लीग खेळायची तर बीसीसीआय आधी निवृत्ती घ्यायला लावते. उन्मुक्त चंदने २०२१ च्या ऑगस्टमध्ये तेच करून अमेरिका गाठली. मुंबईच्या प्रवीण तांबेला कोलकाता संघाने लिलावात घेतलं, पण आधी परदेशातली टी-१० लीग खेळल्याच्या कारणाने आयपीएलचं दार बंद झालं.

राज्याराज्यांतही तसंच आहे. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून विदर्भाला २०१७-१८ आणि २०१८-१९ ला रणजी करंडक मिळवून देतात, नंतर २०२१-२२ ला मध्य प्रदेशला. प्रशिक्षकाला रेषा आडवी येत नाही. पोरांना मात्र जन्म, रहिवास, शिक्षण किंवा नोकरी यांचे कागद जोडावे लागतात, संघ बदलायचा तर एनओसी लागते. माझ्या ओळखीतला एक मुलगा, घर सौंसरकडे, शाळा नागपुरात. एका निवड चाचणीत त्याला मध्य प्रदेशचं मूलनिवासी दाखवलं म्हणून परत पाठवलं, दुसऱ्या ठिकाणी शाळेचा दाखला महाराष्ट्राचा म्हणून. एक हंगाम गेला. पुढच्या वर्षी शाळेचं बोनाफाईड आणि रहिवासाचा पुरावा एकाच बाजूचे लावले, तेव्हा फॉर्म घेतला. आपल्या भागातल्या पालकांनी एवढं तरी करावं : मुलाला कोणत्या बाजूने खेळवायचं ते आधी ठरवा आणि सगळे कागद त्याच बाजूचे तयार ठेवा.

सध्याची स्थिती

२०२३ च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये क्युबाने पहिल्यांदाच मेजर लीगमध्ये खेळणाऱ्या आपल्या खेळाडूंना संघात घेतलं. योआन मोंकादा आणि लुइस रॉबर्ट त्यात होते. त्यासाठी अमेरिकेचा परवानाही मिळाला. १९ मार्चला उपांत्य सामना अमेरिकेशी, तोही मायामीत, जिथे क्युबातून गेलेल्यांची सर्वात मोठी वस्ती आहे. स्टेडियममध्ये क्युबा सरकारविरुद्ध घोषणा झाल्या, सामना क्युबाने १४-२ असा गमावला. दुसऱ्या दिवशी संघ परतला तेव्हा बुलपेन कॅचर इव्हान प्रिएतो विमानात नव्हता. तो मायामीतच राहिला होता.