घोडा लगाम का झटकतो? त्याला कडियाळ्याची सवय कशी लावतात?

घोडा सारखी मान झटकतो, तोंड उघडतो, जीभ बाहेर काढतो. असा व्हिडिओ दिसला की ‘घोडा मस्तीत आलाय’ अशा कमेंट पडतात. पण अनेकदा घोड्याचं तोंड दुखत असतं. घोड्याने लगाम शांतपणे स्वीकारणं हे त्याच्या स्वभावापेक्षा माणसाच्या हातावर जास्त अवलंबून असतं. कसं, ते समजून घेऊया.

कडियाळं म्हणजे काय?

लगामाचा जो धातूचा भाग घोड्याच्या तोंडात असतो, त्याला मराठीत कडियाळं म्हणतात. ते दातांमध्ये धरलेलं नसतं. घोड्याचे पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तिथे ते जिभेवर टेकतं. या जागी हिरडीचा पातळ थर असतो आणि त्याखाली लगेच जबड्याचं हाड. त्यामुळे स्वाराने लगाम ओढला की दाब थेट जीभ, हिरडी आणि ओठांच्या कोपऱ्यांवर येतो.

जोरात ओढूनही घोडा का थांबत नाही?

घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे. धोका वाटला की पळणं हा त्याचा पहिला बचाव. तोंडात कळ आली की तो त्या कळेपासूनही पळू पाहतो. स्वार आणखी ओढतो, घोडा आणखी बिथरतो. लगाम सतत ताणलेला असेल तर वेगळीच अडचण होते. दाब कधी सुटतच नसल्याने घोडा त्याकडे लक्ष देणं सोडतो. मग ‘तोंड जड आहे’ म्हणून जास्त कडक कडियाळं घातलं जातं आणि मूळ कारण तसंच राहतं.

सुरुवात कुठून करायची?

आधी पशुवैद्यकाकडून दात तपासून घ्यावेत. घोड्याचे दात आयुष्यभर थोडेथोडे वर येत राहतात आणि दाढांच्या कडा धारदार होऊन गाल व जीभ कापू शकतात. त्या कडा घासून घ्याव्या लागतात. काही घोड्यांना पहिल्या दाढेच्या पुढे एक छोटा दात येतो, त्यावर कडियाळं आपटलं की दुखतं. शिवाय साधारण अडीच ते पाच वर्षांच्या काळात घोड्याचे दुधाचे दात पडतात. नेमकं याच वयात बहुतेक घोड्यांचं शिक्षण सुरू होतं.

त्यानंतर माप. कडियाळं अरुंद असेल तर ओठ चिमटतात, फार रुंद असेल तर ते तोंडात इकडेतिकडे सरकतं. ते ओठांच्या कोपऱ्यांना नीट टेकावं, पण कोपरे वर ताणले जाऊ नयेत. नाकावरच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. पट्टा करकचून बांधला तर घोडा तोंड उघडत नाही, पण त्रास कमी होत नाही.

सवय कशी लावतात?

१. थंडीत धातू हाताने कोमट करून घ्यावा. सुरुवातीला त्याला थोडा गूळ लावला तरी चालतो.

२. कडियाळं दातांवर ढकलू नये. ओठाच्या कोपऱ्यात, जिथे दात नाहीत तिथे अंगठा हलकेच घातला की घोडा तोंड उघडतो.

३. पहिले काही दिवस लगामाचे पट्टे न जोडता, काही मिनिटंच ठेवावं. काढताना घोड्याला ते स्वतः सोडू द्यावं. खेचून काढलं तर दातांवर आपटतं.

४. मग जमिनीवर उभं राहून एका बाजूचा पट्टा बोटांनी हलकेच दाबावा आणि थांबावं. घोड्याने मान किंचित वळवली, जबडा सैल केला की त्याच क्षणी दाब सोडावा.

यातली शेवटची कृती सर्वात महत्त्वाची आहे. दाब सुटल्यामुळे ‘आपण बरोबर केलं’ हे घोड्याला कळतं. उशिरा सोडला तर तो काय शिकला, हे त्यालाच समजत नाही.

घोडा सैल झाला, हे कसं ओळखायचं?

मान पुढे आणि खाली लांबवणं, नाकाने फुरफुरणं, कान सैल राहणं, शेपटी चालीसोबत हलणं, तोंड मिटून हलकेच चघळणं ही चांगली लक्षणं आहेत. स्वारीत मोठी वर्तुळं, संथ चाल आणि मधूनमधून सैल लगाम यांचा यासाठी उपयोग होतो.

हनुवटी छातीला टेकवून चालणारा घोडा फोटोत रुबाबदार दिसतो. मात्र त्याने लगाम स्वीकारला आहे असं नसतं. अनेकदा तो दाब चुकवत असतो. जबरदस्तीने मान अशी वाकवण्याला घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१० मध्ये अस्वीकार्य ठरवलं.

काटेरी लगाम चालतो का?

नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली १९६५ मध्ये ओझी वाहणाऱ्या आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांसाठी नियम झाले. त्यातल्या आठव्या नियमानुसार काटे किंवा टोकं असलेलं कडियाळं वापरायला मनाई आहे. असं काही दिसलं तर पोलिसांकडे तक्रार करता येते.

पर्यटकांनी काय करावं?

माथेरानमध्ये खासगी मोटारी दस्तुरी नाक्याच्या पुढे जात नाहीत, त्यामुळे अनेक जण तिथेच पहिल्यांदा घोड्यावर बसतात. तोल गेला की नवखा माणूस आधी लगाम धरून लटकतो आणि त्याचं सगळं वजन घोड्याच्या तोंडावर येतं. तोल सावरायला खोगीर किंवा आयाळ धरावी. बसण्याआधी घोड्याच्या ओठांचे कोपरे पाहावेत. तिथे जखम, रक्त किंवा ताजी सोललेली कातडी असेल तर त्या घोड्यावर बसू नये आणि घोडेवाल्याला कारण स्पष्ट सांगावं.