लग्नाची घाई

आमची आजी इंदापूर तालुक्यातली. तिचं लग्न 1930 च्या शिमग्यात लागलं. वय विचारलं की म्हणायची, "दुधाचे दात पडत होते बघ." अक्षता पडताना ती चुलत्याच्या खांद्यावर झोपली होती. एवढी घाई कशाला? तर सरकारचा कायदा येतोय, मग पोरी घरातच राहतील, अशी आवई उठली होती.

तो कायदा हरबिलास सारडा यांचा. 1929 साली मंजूर झाला, 1 एप्रिल 1930 पासून लागू झाला. मुलगी 14 ची आणि मुलगा 18 चा पाहिजे. पण मधल्या सहा महिन्यांत देशभर लेकरांची लग्नं उरकण्यात आली. पुढेही लागलेलं लग्न रद्द होत नव्हतं आणि पोलिसांना आपणहून हात घालता येत नव्हता. मग कोण भिणार?

माता रमाईसुद्धा लग्नात नऊ वर्षांच्या आसपास होत्या. 1906 च्या सुमारास भायखळ्याच्या मासळी बाजारात, बाजार उठल्यावर रात्री ते लग्न लागलं. त्याच डॉ. बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात जातींवरचा निबंध वाचला. सती, सक्तीचं वैधव्य आणि मुलींचे बालविवाह ही जातीचं कुंपण टिकवण्याची साधनं आहेत, हे त्यांनी त्यात दाखवून दिलं. मुलीला मन फुटायच्या आत तिला जातीतल्या मुलाशी बांधून टाकायचं! 20 जुलै 1942 ला नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी आपल्या आयाबहिणींना सांगितलं, की लग्न ही जबाबदारी आहे. मुलं कमावती होईपर्यंत ती त्यांच्यावर लादू नका.

मुलीच्या लग्नाचं वय 1949 ला 15 झालं, 1978 ला 18. 2006 चा कायदा जास्त कडक आहे. गावात ग्रामसेवकाकडे त्याची जबाबदारी आहे, 1098 वर फोनही करता येतो. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी जवळजवळ 22 टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली.

कारण आपल्या दारातच दिसतं. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांवर दिवाळीच्या सुमाराला बीड-नगरकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या गड्याचा अर्धा कोयता, उचलही कमी. म्हणजे पोराचं लग्न केलं की कोयता पुरा होतो! आणि वयात आलेली पोरगी मागं गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची? कोपीत आणली तरी आई पहाटेच फडात जाते. त्यापेक्षा उजवून टाकलेली बरी, असं बाप म्हणतो. त्याला नुसतं अडाणी म्हणून आपली सुटका होत नाही. उसाचा पैसा आपल्याही गावात खेळतो.

आपण तरी कुठं सगळे धुतल्या तांदळाचे? विहारात मंगल परिणयाची तारीख देताना आम्ही दोघांचे शाळेचे दाखले मागतो. एकदा माझ्याच भावकीतलं लग्न आलं. पत्रिका छापून झाल्या होत्या आणि मुलीला सतरा पुरी व्हायला चार महिने होते. तारीख दिली नाही. लग्न दीड वर्षानं झालं, पोरगी तोवर बारावी झाली. तिच्या बापाने मात्र आमच्या घरचं पाणी अजून घेतलेलं नाही.